ठिपके म्हणजे दलदल

बाबाच्या बुटांना चिखल लागला होता, आणि आईचं म्हणणं असं की दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या बुटांना चिखल लागूच शकत नाही.

“ऑफिसच्या जिन्यात शेती सुरू केलीस का?” तिने विचारलं.

“पार्किंगमधला नळ फुटलाय.”

“मागच्या आठवड्यातही नळच फुटला होता.”

“तोच नळ. दुरुस्त कोण करणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.”

आई हसली नाही. तिने बूट वर्तमानपत्रावर आडवे टाकले आणि आत गेली. मी मात्र खाली बसून नीट निरखून पाहिलं, कारण प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची मला हल्ली सवयच लागली आहे. तो नळाच्या पाण्याचा चिखल नव्हता. काळा होता, कुजका वास येत होता, आणि एका बुटाच्या नाडीत गवताची लांबलचक पात अडकली होती. पार्किंगमध्ये असलं गवत कुठून येणार?

पण मी काही बोलले नाही. माझ्यासारखीने काही न बोलणं म्हणजे काय, ते बाबाला बरोबर कळलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “टकळे, अभ्यास नाही का तुला?”

टकळी हे माझं घरातलं नाव. शाळेत मात्र गेल्या वर्षीपर्यंत मला कुणी टकळी म्हटलं असतं तर बाकीच्या मुली पोट धरून हसल्या असत्या. उत्तर येत असलं तरी मी बाकाकडे बघत बसायची. मग या वर्षी आमच्या कॉम्प्युटरच्या टीचरचा घसा बसला आणि त्यांनी खुणेनेच मला फळ्याजवळ बोलावलं, ‘तू सांग’. मी सांगितलं. मी जी सुरू झाले ती अजून थांबलेले नाही. आता मला वाटतं की जगात असं काही नाही जे मी एक दुपार मान मोडून बसले तर मला जमणार नाही.

हे सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात माझा हा गैरसमज बराच उपयोगी पडला.

बाबा नकाशे बनवतो. कागद-पेन्सिलीने नाही. आकाशातून काढलेला जमिनीचा फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा, माउसने रेघा ओढत त्याचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्याला सांगायचं की बाबा रे, तू अमुक आहेस. ही वस्ती. हे शेत. हे कुरण, ही झाडी, हे पडीक, ही दलदल. सांगितलं की सॉफ्टवेअर त्यात ठरलेला रंग भरतं, आणि संध्याकाळपर्यंत एका मळकट फोटोची गोधडी होते. लहानपणी मी सगळ्यांना सांगत सुटायची की माझ्या बाबाला रंगवायचा पगार मिळतो.

त्या दिवसांत बाबाकडे नदीकाठचा नकाशा होता. गावाबाहेर नदीच्या दोन्ही बाजूंना सपाट जमीन आहे आणि तिथे घरं बांधायची आहेत. जिथे कुरण, तिथे घरं. जिथे दलदल, तिथे बांधकाम नाही. कुठे काय आहे हे ठरवायचं काम बाबाच्या ऑफिसचं, म्हणजे बाबाचं. कारण ओल्या जमिनीचा हिरवा आणि कोरड्या जमिनीचा हिरवा यातला फरक त्याच्याइतका कुणालाच ओळखता येत नाही, असं सगळे म्हणत.

‘म्हणत’ असं म्हणतेय, कारण एकदा झूमकाका आमच्याकडे चार्जर द्यायला आले तेव्हा वेगळंच ऐकलं. झूमकाका बाबाच्या शेजारच्या टेबलावर बसतात. ते फोटो इतका मोठा करून बघतात की एक झाड कॉम्प्युटरचा पूर्ण पडदा व्यापतं, म्हणून हे नाव. नाव मीच ठेवलंय आणि ते त्यांना माहीत आहे.

“काय हो,” ते चहा पिता पिता बाबाला म्हणाले, “परवा दलदलीत गाई चारायला निघाला होतात?”

“कुठे?”

“वळणाजवळचा मोठा तुकडा. कुरण म्हणून टाकला होतात. मी बदलला हं. ऑफिसात मोठ्या बाईंना नाही बोललो.”

बाबा हसला. जरा जास्तच जोरात हसला. “गाई पोहतात हो हल्ली.”

झूमकाकाही हसले. पण दारातून जाताना त्यांनी मागे वळून बाबाकडे पाहिलं, आणि तेव्हा ते हसत नव्हते.

मग मोज्यांची गोष्ट. बाबा सकाळी ऑफिसला निघाला तेव्हा त्याच्या एका पायात हिरवा मोजा होता, दुसऱ्यात तपकिरी. मी ओरडले, “बाबा, तुझे दोन पाय वेगवेगळ्या टीमकडून खेळतायत!” तो खाली बघत राहिला. त्याची नजर एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली, परत पहिल्यावर आली. चूक सापडलेल्या माणसासारखी नाही. चूक शोधणाऱ्या माणसासारखी.

त्या रविवारी दुपारी तो बाल्कनीत लॅपटॉप घेऊन काम करत होता आणि मी मागे उभी राहून बघत होते. तो माउसचा बाण एका तुकड्यावर नेऊन थांबायचा. थोड्या वेळाने त्या तुकड्याचं नाव छोट्या चौकटीत उमटायचं. ते वाचायचा. मग बाण पुढच्या तुकड्यावर. तिथेही थांबायचा. कुरणाचा रंग समोर ढळढळीत दिसत असताना हा माणूस प्रत्येकाचं नाव विचारत बसला होता.

मी आत गेले, माझ्या रंगीत पेन्सिलींच्या डब्यातून दोन पेन्सिली आणल्या, टोकांवरची रंगांची नावं बोटांनी झाकली आणि त्याच्यासमोर धरल्या.

“हिरवी कुठली?”

“काय पोरकटपणा आहे?”

“सांग ना.”

त्याने बराच वेळ लावला. “ही,” तो म्हणाला.

ती तपकिरी होती.

मी काही म्हणायच्या आतच त्याला कळलं. त्याने लॅपटॉप मिटला, आणि तोंड रस्त्याकडे करून, जणू खाली चाललेल्या कुणाला सांगतोय असं हळू आवाजात सांगितलं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुकत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, आधी रंग जातात.

“आणि नंतर?”

“नंतरचं नंतर.”

“आईला माहितीय?”

“हा नकाशा झाला की सांगणार आहे. आत्ता सांगितलं तर ती मला उद्यापासून घरी बसवेल. आणि मोठ्या बाईंना कळलं तर त्या आजपासून बसवतील. टकळे, रंग न दिसणारा नकाशावाला म्हणजे काय गं? बहिरा गवई. मला हे सोडून दुसरं काही येत नाही.”

मोठ्या बाई म्हणजे त्याच्या ऑफिसच्या मालकीणबाई. उंचीने आमच्या फ्रिजच्या खांद्याला लागतील, पण सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात.

“मग बूट?” मी विचारलं.

“फोटोत कळत नाही तिथे संध्याकाळी बसने जातो. जमिनीवर उभा राहतो. पायाला कळतं. दलदल असली तर टाच आधी जाते.”

मी रडले नाही. मला रडूच आलं नाही, खरं सांगते. मला एकदम कल्पनाच सुचली! रंग दिसत नाहीत ना? मग रंग हवेत कशाला?

“मला ऑफिसची ती फाईल दाखव,” मी म्हणाले, “ज्यात लिहिलेलं असतं की कुरण म्हणजे हा हिरवा आणि पडीक म्हणजे तो तपकिरी.”

मला वाटलं होतं आत काहीतरी महाभयंकर असेल. कसलं काय! साधा मजकूर. एका ओळीत एक प्रकार: आधी नंबर, मग नाव, मग रंग. सॉफ्टवेअर ती फाईल वाचतं आणि निमूट तसं वागतं. मी तिची कॉपी केली, कॉपीला ‘बाबा’ असं नाव दिलं, आणि रंगाच्या जागी नक्षी लिहायला सुरुवात केली. वस्तीला चौकटी. शेताला आडव्या रेघा. कुरणाला छोट्या उभ्या रेघा, नुकत्याच कापलेल्या केसांसारख्या. झाडीला गोल. पडीकला तिरप्या, विरळ रेघा. पाण्याला लाटा. आणि दलदलीला ठिपके, दाट, काळेकुट्ट, चुकून कुणाचं लक्ष गेलं नाही असं होऊच नये असे. नंबरांना मी हात लावला नाही. नंबर बदलले असते तर ऑफिसात उघडल्यावर शेताची खाण झाली असती. माणसं ऑफिसची, फक्त कपडे मी बदलले.

पहिल्यांदा सॉफ्टवेअरने फाईल घ्यायलाच नकार दिला. एका ओळीत स्वल्पविराम राहिला होता. दुसऱ्यांदा घेतली, पण सगळ्या गावावर लाटा आल्या. बाबा म्हणाला, “बुडालो.” तिसऱ्यांदा मात्र नकाशा पडद्यावर आला, एकही रंग नसलेला, नुसता काळा-पांढरा, आणि बाबा खुर्चीतून अर्धा उठला.

“अगं, ही दलदल!”

“हो.”

“आणि हे कुरण. हे शेत. हे बघ, हे पडीक मी शेताला चिकटवलंय, मध्ये बांध असायला हवा...” तो बोट ठेवत चालला, बाण न थांबवता, नावं न विचारता. मी त्याच्या खुर्चीमागे नाचत होते. आई आतून म्हणाली, “खालच्यांच्या डोक्यावर छत पडेल!” आणि आम्ही दोघं चोरांसारखे गप्प झालो.

पुढचे काही दिवस फार छान गेले. बाबा शीळ घालत ऑफिसला जायचा. झूमकाकांनी त्याचा पडदा पाहिला आणि विचारलं, “तुमच्या नकाशाला गोवर आलाय का हो?” बाबा म्हणाला, “डोळ्यांना आराम पडतो.” झूमकाका त्यावर एवढंच म्हणाले, “बरंय.” हे सगळं बाबा घरी येऊन मला कुजबुजत सांगायचा आणि मला वाटायचं की मी आता शाळा सोडून कंपनीच काढावी.

पण नकाशाचा वरचा भाग, नदीच्या वरच्या अंगाचा, तसाच होता. नुसता फोटो. रेघा ओढलेल्या, तुकडे पाडलेले, आत काही नाही. रोज तो खालच्या भागात काहीतरी नीटनेटकं करत बसायचा आणि वर जायचा नाही.

“तिकडे कधी जाणार?” मी विचारलं.

“जाऊ.”

“अरे, पण आता तर सोपं आहे!”

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “टकळे, तुझी फाईल उत्तम आहे. मी सांगितलेलं ती मला परत सांगते. पण आधी सांगायचं कुणी? फोटो तर रंगीतच आहे ना.”

इतकी साधी गोष्ट. त्याला उत्तरं वाचता यावीत म्हणून मी दुपारभर खपले होते, आणि प्रश्न तसाच हिरवा-तपकिरी राहिला होता, त्याच्या दृष्टीने राखाडी. त्याला हे पहिल्या दिवसापासून कळलं असणार. तरी तो माझ्यासाठी शीळ घालत फिरत होता.

पण तेव्हाची मी म्हणजे हार मानणारी नव्हे. “मी सांगते की!” मी म्हणाले. “रंग मी सांगायचे, काय आहे ते तू ठरवायचंस.”

मग बाबा ऑफिसातून लवकर निघायला लागला आणि आम्ही शाळा सुटल्यावर, आई कामावरून यायच्या आत, जेवणाच्या टेबलावर बसायला लागलो.

“हा?”

“हिरवा.”

“हिरवा म्हणजे कुठला? पिवळ्याकडे झुकलेला की निळ्याकडे?”

“अं... पिवळ्याकडे.”

“काठाला काळसर आहे का? नीट बघ. घाई करू नकोस.”

“नाहीये.”

“सगळीकडे सारखा आहे की मध्ये डाग?”

“सारखा. बाबा, सारखा आहे म्हणते ना.”

“मग कुरण.” आणि छोट्या उभ्या रेघा उमटायच्या. तुकड्यामागून तुकडा. मला इतकं पटापट यायला लागलं की त्याने विचारायच्या आधीच मी म्हणायची, “पिवळसर, काठ स्वच्छ, डाग नाही, पुढे!” तो म्हणायचा, “हळू गं.” मी म्हणायची, “म्हाताऱ्या, चल लवकर.” वरचा भाग रेघांनी भरत चालला. नकाशा सोमवारी द्यायचा होता आणि तो होणार होता.

शनिवारी सकाळी बाबा म्हणाला, “एक तुकडा तरी पाहून येऊ. सवय म्हणून.” आईला आम्ही सांगितलं की शाळेच्या प्रोजेक्टसाठी पानं गोळा करायला चाललोय. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून चाललो, कुंपणातून वाकून गेलो. समोर माझं कुरण होतं. मी स्वतः सांगितलेलं. पिवळसर, काठ स्वच्छ, डाग नाही. गवत गुडघ्याएवढं, वाऱ्यावर लवत होतं. आभाळ भरून आलेलं नव्हतं, ऊनही नव्हतं, सगळं कसं झाकून ठेवल्यासारखं.

“बघ!” मी म्हणाले. “घर बांध आणि राहा.”

बाबा दोन-चार पावलं आत गेला. मग त्याची टाच गेली. मग घोटा. त्याने दुसरा पाय टेकवला आणि तोही गेला. चिखलाने असा आवाज केला की मला आधी हसू आलं. तो हसत नव्हता. वाकून त्याने गवताच्या बुडाशी हात घातला आणि मुठीतून काळं पाणी गाळलं.

“फोटो कोरड्या दिवसांतला आहे,” तो म्हणाला. “वरचं गवत वाळलं की पिवळं दिसतं. खाली एक निळी झाक असते. अगदी पुसट. मला ती दिसायची.”

“मी नीट पाहिलं होतं बाबा.”

“पाहिलं होतंस. ती झाक दिसायला खूप वर्षं लागतात. तुझं काही चुकलं नाही. मीच चुकलो. मला दिसत नाही ते मी तुझ्याकडून वदवून घेतलं.”

मी त्याला हात दिला आणि ओढलं. एक बूट आतच राहिला. तो शोधायला त्याला खांद्यापर्यंत हात घालावा लागला. आम्ही कारखान्याच्या भिंतीला टेकून बसलो आणि तो काडीने बुटातला चिखल काढत होता. कितीतरी वेळ.

“इथे घरं बांधली असती,” तो शेवटी म्हणाला. “कुणीतरी आपलं टेबल, आपल्या खुर्च्या घेऊन राहायला आलं असतं. पहिल्या वर्षी फरशीला भेग. त्यांनी म्हटलं असतं, गवंडी वाईट होता.”

रविवारी दुपारी त्याने लॅपटॉप उघडला आणि ‘बाबा’ फाईल स्वतः उघडली. शेवटच्या ओळीनंतर कर्सर नेला.

“नवा प्रकार घालायचा असेल तर?”

“पुढचा नंबर टाक. मग स्वल्पविराम. मग नाव.”

त्याने एका बोटाने टाइप केलं: पाहिलेलं नाही.

“नक्षी कुठली देऊ?” मी विचारलं. माझ्याकडे अजून नक्ष्या शिल्लक होत्या. फुल्या होत्या, जाळी होती.

“काहीच नको.”

मग त्याने वरच्याच नाही, खालच्याही भागातला फोटोवरून भरलेला एकेक तुकडा निवडला आणि त्याला तो शेवटचा नंबर दिला. आम्ही टेबलावर बसून भरलेल्या सगळ्या उभ्या रेघा एकामागून एक पुसल्या गेल्या. फक्त जिथे तो स्वतः उभा राहून आला होता ते तुकडे उरले. जवळजवळ सगळे ठिपक्यांचे. बाकी नदीच्या दोन्ही अंगांना पांढरं.

“बाबा, मी टीचरना विचारते. फोटोचे रंगच बदलता येतात का बघू. काहीतरी असेलच.”

“असेल,” तो म्हणाला. “सोमवारच्या आत नाही.”

सोमवारी मला शाळेला सुट्टी होती. मी त्याच्याबरोबर गेले. त्याने येऊ नको म्हटलं नाही. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांब खोली, खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले, प्रत्येकाच्या तोंडावर आपापल्या नकाशाचा उजेड. मोठ्या बाई बाबाच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

“हे पांढरं काय आहे?”

“पाहिलेलं नाही.”

“म्हणजे? फोटो खराब आलाय का?”

“फोटो चांगला आहे. मला त्यातला हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही. जिथे पायी जाऊन आलो तेवढं भरलंय. बाकीचं मी पाहिलेलं नाही.”

खोलीत माउसचे आवाज थांबले. झूमकाका आपल्या पडद्यावरच्या एका प्रचंड झाडाकडे बघत राहिले.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“थंडीच्या आधीपासून.”

“आणि त्यानंतरचे नकाशे?”

“ज्यांच्याबद्दल शंका आहे त्या तुकड्यांवर खुणा करून ठेवल्यात. परत तपासावे लागतील.”

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. बसल्यावर त्या अजूनच लहान दिसायला लागल्या. “आधी का नाही सांगितलंत मला?”

“सांगितलं असतं तर आज जे करणार आहात ते तेव्हाच केलं असतंत.”

बाईंनी थोडा विचार केला. “हो,” त्या म्हणाल्या. “केलं असतं.”

“पण त्याची नक्षीची फाईल आहे!” मी मध्येच बोलले. कुणी विचारलं नव्हतं. “त्याला सगळं वाचता येतं त्यात. मी केलीय. त्याला फक्त कुणीतरी रंग सांगायला हवेत, म्हणजे दोघांनी मिळून...” आणि तिथे मला ते गवत आठवलं, आणि माझं वाक्य संपलंच नाही.

बाईंनी पडद्याकडे नीट पाहिलं. चौकटी, लाटा, ठिपके. “फाईल छान झालीय गं,” त्या म्हणाल्या. “खरंच छान.”

गेल्या वर्षभरात कुणी माझं कौतुक केलं की मी दिवसभर तरंगत असायची. हे ऐकून मात्र मला कुठेतरी जाऊन लपावंसं वाटलं.

नकाशा झूमकाकांकडे गेला. बाबा महिनाअखेरपर्यंत रजेवर. नंतर फोन घ्यायचं, लोकांशी बोलायचं काही काम निघतं का ते बघू, असं बाई म्हणाल्या. बाबा मान हलवत होता. त्याने खणातून आपला कप घेतला, एक जुना माउस घेतला, मग माउस परत ठेवला.

झूमकाकांनी आपल्या मशीनवर नकाशा उघडला आणि ऑफिसची रंगांची फाईल लावली. त्या फाईलमध्ये तो शेवटचा नंबर नव्हताच. पडद्यावर चौकट आली: हा प्रकार ओळखीचा नाही. वगळायचा?

झूमकाकांनी माउसवरचा हात काढून घेतला. त्यांनी बाबाकडे पाहिलं.

“वगळा,” बाबा म्हणाला. “त्याशिवाय पुढे जाणार नाही ते.”

“तुम्ही म्हणत असाल तर.”

“निळी झाक बघा. काठाला नाही, बुडाशी.”

“बघतो,” झूमकाका म्हणाले. आणि मग, नेहमीच्या थट्टेच्या सुरात, पण तो सूर काही नीट लागला नाही, “तुमच्यासारखी गाई चारायला नाही जाणार.”

“जाऊ नका. बूट जातात.”

बसथांब्यावर लांबून एक बस येताना दिसली. मी लगेच बाबाला तिचा नंबर सांगितला. तो म्हणाला, “नंबर दिसतात गं अजून.” मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “सांगत जा. सवय असू दे.” मग बसमध्ये बसल्यावर, “आईला मी सांगतो. आजच्या दिवस तू टकळी नको होऊस.”

आईलाही त्या दिवशी सुट्टी होती, ती घरीच होती. आम्हाला भर दुपारी दारात बघून तिने घड्याळाकडे पाहिलं. “काय, नळ दुरुस्त करायला सुट्टी दिली का?”

“हो,” बाबा म्हणाला.

त्याने बूट काढले, वर्तमानपत्र अंथरलं आणि पॉलिशचा डबा घेऊन जमिनीवर बसला. शनिवारचा चिखल शिवणीत अजून होता. ब्रशने तो काढला, फडक्याने पुसलं. मग त्याने पॉलिशच्या दोन डब्या उघडल्या, दोन्ही उजेडात धरल्या आणि बराच वेळ बघत बसला. मला दिसत होतं. काळी कुठली ते मला इथूनही दिसत होतं. मी ओठ दातांत दाबले.

“ही काळी की तपकिरी?” त्याने विचारलं. मला नाही. आईला.

“डोळे फुटले का तुझे?” आई म्हणाली.

ती सहज म्हणाली. रोज म्हणते तशी, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या माणसाला म्हणतात तशी. मग तिने बाबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी, जी एवढी बोलते, ती जमिनीकडे बघत होते. आई हातातलं ठेवून आली आणि त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर बसली. डब्या तिने त्याच्या हातातून घेतल्या.

“तो नळ,” ती म्हणाली.

“नळ नव्हता,” बाबा म्हणाला.

आईने एक बूट उचलून मांडीवर घेतला. काळी डबी पुढे ओढली. “सांग,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता पॉलिश करायला लागली.